रनिंग किती झालंय?

ऑगस्ट २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात तपकिरी रंगाची एक मॅकलॅरन एफ-वन २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरना विकली गेली. गाडी १९९५ सालची. मधल्या सव्वीस वर्षांत ती एकूण ३९० किलोमीटर चालली होती. मुंबईहून निघालं तर कोल्हापूर येईल एवढंच अंतर, तेही परतीचा प्रवास न धरता.

अशीच एक एफ-वन रोअन अ‍ॅटकिन्सन या अभिनेत्याकडे होती. आपण त्याला मिस्टर बीन म्हणून ओळखतो. त्याने ती १९९७मध्ये घेतली आणि ब्रिटनच्या साध्या रस्त्यांवर, पावसापाण्यात, मनापासून वापरली. ती दोनदा ठोकली गेली. १९९९मध्ये पुढच्या गाडीवर आदळली आणि २०११मध्ये झाडावर. दुसऱ्या अपघातात त्याचा खांदा दुखावला. गाडीच्या दुरुस्तीला वर्षाहून जास्त काळ लागला आणि विमा कंपनीला नऊ लाख पौंडांहून मोठी रक्कम भरावी लागली. त्या वेळी ब्रिटनमधला हा विक्रमी दावा मानला गेला. २०१५मध्ये त्याने गाडी विकली तेव्हा मीटरवर सुमारे ६६ हजार किलोमीटर होते, आणि किंमत आली ८० लाख पौंडांच्या घरात. नवी असताना याच गाडीची किंमत करांसह साडेसहा लाख पौंडांच्या आत होती.

या दोन व्यवहारांत सहा वर्षांचं अंतर आहे आणि त्या काळात एफ-वनचे भाव चढतेच होते, त्यामुळे आकडे शेजारी शेजारी ठेवून वजाबाकी करणं बरोबर होणार नाही. तरी दोन गोष्टी दिसतात. न चालवलेल्या गाडीला बाजार फार मोठं बक्षीस देतो. आणि दोनदा ठोकलेली, भरपूर पळवलेली गाडीसुद्धा मालकाला बारापट पैसे देऊन गेली, वर अठरा वर्षं चालवायला मिळाली ती वेगळीच.

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या जगात हा पेच रोजचा आहे. गाडी चालवली तर किंमत उतरते, आणि चालवायची नसेल तर ती घ्यायची कशासाठी? हा प्रश्न फक्त कोट्यधीशांना पडत नाही. कॅलिफोर्नियात नोकरी करणारा मराठी इंजिनियर नव्वदच्या दशकातली एखादी पोर्शं शोधू लागला की तोही याच प्रश्नाशी येऊन थांबतो. यावर 'आवड असेल तर पैशांकडे बघू नये' असं सांगून मोकळं होणारे पुष्कळ असतात. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही, कारण घरातल्या बचतीचा मोठा वाटा गाडीत घालणाऱ्याला पैशांकडे बघावंच लागतं. पण नीट बघितलं तर कळतं, की चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरची किंमत सगळ्या गाड्यांत सारखी नसते. एखाद्या गाडीत एक किलोमीटर हजारो डॉलरला पडतो, दुसरीत तो जवळपास फुकट असतो. फरक कुठून येतो ते समजून घेतलं, तर आनंद आणि पैसा यांच्यातलं भांडण बरंचसं मिटतं.

आधी किंमत कशाने ठरते ते बघू. संग्राहक गाडीत चालवण्याचा गुण शोधत नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही. तो बघतो की अशा गाड्या किती बनल्या, किती उरल्या, कुणाकडे होत्या, कुठल्या शर्यतीत धावल्या. इंजिनावरचा आणि चेसिसवरचा नंबर कारखान्याच्या नोंदींशी जुळतो का. रंग मूळचा आहे की नंतर मारलेला. सर्व्हिसच्या पावत्या पहिल्या मालकापासून आहेत का. यातल्या कुठल्याही गोष्टीमुळे गाडी वळणावर जास्त चांगली वळत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे जॅग्वार ई-टाइप. मार्च १९६१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली आणि लोक वेडे झाले. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ७२ हजारांहून जास्त ई-टाइप बनल्या, म्हणजे दुर्मीळ म्हणावी अशी ही गाडी नाही. तरी तिच्यातल्या काहींना संग्राहक विशेष भाव देतात. अगदी सुरुवातीच्या पाचशेच्या आसपास गाड्यांचं बॉनेट बाहेरून, वेगळ्या चावीने उघडावं लागे. त्या काळातल्या गाड्यांचा तळही पूर्ण सपाट होता. सपाट तळामुळे पाय ठेवायला जागा कमी पडते, उंच माणसाची तर फारच अडचण होते. तक्रारी आल्या म्हणून कंपनीने पुढे तळाला खोलगट जागा केली. बॉनेटची कडीही आत घेतली. १९६४मध्ये ४.२ लिटरची गाडी आली तेव्हा तर गिअरबॉक्स बदलला. आधीच्या गाडीत पहिला गिअर किरकिरल्याशिवाय पडत नसे, नव्यात तो सहज पडू लागला. ब्रेक सुधारले, सीट सुधारल्या. ज्याला चालवण्यासाठी घ्यायची आहे त्या माणसाने डोळे मिटून ४.२ घ्यावी. बाजारात मात्र जास्त भाव असतो तो गुडघे आखडून चालवाव्या लागणाऱ्या, बाहेरून बॉनेट उघडणाऱ्या गाडीला. कारण ती पहिली आहे, आणि पहिल्या थोड्याच आहेत.

मर्सिडीजच्या ३०० एसएलचंही असंच. १९५४ ते १९५७ या काळात तिचे १४०० गलविंग बनले, पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडणारे दरवाजे असलेले. त्या दरवाजांच्या काचा खाली होत नाहीत, त्यामुळे आत उकाडा होतो. मागची चाकं ज्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅक्सलवर बसवली होती, त्यामुळे जोरात वळताना मागचा भाग अचानक सटकू शकतो. १९५७मध्ये आलेल्या उघड्या रोडस्टरमध्ये तो अ‍ॅक्सल सुधारला, पुढे १९६१मध्ये डिस्क ब्रेकही आले. चालवायला रोडस्टर निःसंशय उजवी. तरी जगाच्या मनात ३०० एसएल म्हणजे ते पंखच.

पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०१५मध्ये झालेल्या एका लिलावाने तर याची कमाल दाखवली. पश्चिम फ्रान्समधल्या बायोँ नावाच्या उद्योजकाच्या वाड्यावर, शेडमध्ये आणि उघड्यावर, दशकानुदशकं पडून राहिलेल्या ५९ गाड्या विकायला निघाल्या. त्यात फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती. एके काळी ती नट अलाँ दलोंकडे होती. सापडली तेव्हा तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते आणि धुळीचा थर चढलेला होता. ती १ कोटी ६३ लाख युरोंना गेली, धुळीसकट. कारण गाडी पुन्हा चकचकीत करता येते, पण एकदा केली की तिची मूळ अवस्था कायमची जाते.

आता आनंदाकडे येऊ. चालवण्यातली मजा नेमकी कुठून येते, हे इंजिनियरांना चांगलं ठाऊक असतं आणि त्याचं पहिलं उत्तर नेहमी एकच येतं: वजन. १९६२ची लोटस एलान सातशे किलोच्या आतली गाडी. १.६ लिटरचं इंजिन आणि शंभराच्या जरा वर अश्वशक्ती. आजच्या पोर्शं ९११चं वजन दीड टनाच्या आसपास असतं. एलानला थांबवायला, वळवायला, पुढे ढकलायला लागणारं बळ निम्म्याहूनही कमी, म्हणून बारीक टायर पुरतात. टायर बारीक म्हणून स्टेअरिंगला पॉवरची मदत लागत नाही. आणि मदत नाही म्हणून रस्त्याचा प्रत्येक चढउतार, ओल, खडी हाताला कळते. मॅकलॅरन एफ-वन ज्याने घडवली त्या गॉर्डन मरेने एलानच्या स्टेअरिंगची जाहीर तारीफ अनेकदा केली आहे. आपल्या एफ-वनचं स्टेअरिंग तिच्या तोडीचं झालं नाही, ही खंतही त्याने बोलून दाखवली आहे. ज्या गाडीला दोन कोटी डॉलर मिळतात तिच्या जनकाला स्टेअरिंगच्या बाबतीत जी गाडी सरस वाटते, ती बाजारात एफ-वनच्या शंभराव्या हिश्श्यातही मिळते. मला ही गोष्ट या सगळ्या विषयाच्या मुळाशी जाणारी वाटते.

दुसरं कारण वेगाचं. आजच्या स्पोर्ट्‌स कारची क्षमता इतकी आहे की तिची खरी ओळख व्हायला लागेपर्यंत कायद्याची मर्यादा मागे पडलेली असते. जुन्या गाडीचे टायर ताशी साठ-सत्तरच्या वेगातच वळणावर हलकी चुळबूळ सुरू करतात. चालक कामाला लागतो. वळणाआधी ब्रेक, टाच-बोटांनी अ‍ॅक्सिलरेटर टिपून खालचा गिअर, मग वळण, मग हळूहळू पुन्हा जोर. घाटातल्या साध्या वेगात हे सगळं अनुभवता येतं. छताचे खांब बारीक असल्यामुळे काचेतून चहूकडे दिसतं. इंजिनाचा आवाज स्पीकरमधून येत नाही, इंजिनातूनच येतो.

माझदाने १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ आणली ती हाच जुना अनुभव परत मिळवण्यासाठी. तिच्या इंजिनियरांसमोर नमुना होता एलानचाच. १.६ लिटर, ११५च्या आसपास अश्वशक्ती, साडेनऊशेच्या आसपास किलो, दोन सीट, छोटा गिअर लिव्हर, मनगट हललं की पडणारा गिअर. फरक एवढाच की ही जपानी गाडी थंडीतही चालू व्हायची आणि तेल गळायची नाही. २०१६ साली या गाडीने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्‌स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा झालेला नाही. इतक्या बनल्या म्हणजे दुर्मीळपणा संपलाच, आणि तोच तिचा मोठा गुण. ही गाडी चालवताना मीटरकडे बघून जीव खालीवर होत नाही.

क्वचित दोन्ही गोष्टी एकत्र येतात. पोर्शंची १९७३ची ९११ कॅरेरा आरएस २.७ शर्यतीच्या नियमासाठी ५०० बनवायच्या होत्या. विक्री विभागाला त्यासुद्धा खपतील का याची धास्ती होती. खपल्या १,५८०. हजार किलोच्या आसपास वजन, २१० अश्वशक्ती आणि मागे बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला पत्रा. चालवायला ती अप्रतिम आहे याबद्दल कुणाचं दुमत नाही, आणि किंमतही आभाळाला भिडलेली. पण अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी बाजारात किंमत आणि मजा यांची सांगड फार सैल आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची ९११ १९९८मध्ये संपली. तिच्या जागी आलेली पाण्यावर थंड होणारी ९९६ जास्त वेगवान होती, ब्रेकही चांगले. तिच्या इंजिनातल्या एका बेअरिंगच्या दोषाने आणि वितळल्यासारख्या दिसणाऱ्या हेडलाइटांनी तिची बदनामी केली आणि ती वर्षानुवर्षं स्वस्त राहिली. ज्यांनी बेअरिंग बदलून घेतलं आणि दिव्यांकडे दुर्लक्ष केलं, त्यांना कमी पैशांत खरी ९११ मिळाली.

आता किलोमीटरचा हिशेब. आपल्याकडे सेकंडहँड गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न असतो, रनिंग किती झालंय? इथे हा प्रश्न इंजिन किती झिजलं हे कळण्यासाठी असतो. संग्राहकांच्या बाजारात त्याचा अर्थ वेगळा. ३९० किलोमीटर चाललेली गाडी ही त्यांच्या लेखी त्या प्रकारातली सर्वांत कमी चाललेल्या गाड्यांपैकी एक असते, आणि ही जागा दुसरी कुठलीही गाडी घेऊ शकत नाही. ती आणखी हजार किलोमीटर चालवली तर इंजिनाला काहीही होणार नाही, उलट बरंच वाटेल. पण ती जागा जाईल. म्हणून पहिले काही शेकडे, पहिले काही हजार किलोमीटर भयंकर महाग असतात. समजा एका गाडीच्या ५०० किलोमीटर चाललेल्या आणि १०,००० किलोमीटर चाललेल्या नमुन्यांत ४० लाख रुपयांचा फरक आहे. म्हणजे मधला प्रत्येक किलोमीटर चारशे रुपयांहून महाग पडला, पेट्रोल वेगळं. त्याच गाडीच्या ६०,००० आणि ७०,००० किलोमीटरच्या नमुन्यांत फरक असतो तो बहुधा देखभालीचा, रनिंगचा नाही. तिथे किलोमीटर जवळपास फुकट.

यातून माझं मत सरळ निघतं. ज्याला चालवायची आहे त्याने कमी रनिंगची गाडी घेऊच नये. आधीच्या मालकाने पहिले महागडे किलोमीटर खर्चून टाकलेले आहेत अशी गाडी घ्यावी, फक्त देखभाल चोख झालेली असावी. पन्नास हजारांच्या पुढे गेलेली, पावत्यांची जाडजूड फाइल असलेली गाडी म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी आगाऊ भरलेला खर्च. आणि कमी रनिंगची गाडी चुकून हाती आलीच, तर ती तशीच ठेवून योग्य संग्राहकाला विकावी आणि त्या पैशांत चाललेली घ्यावी. तिला थोडी थोडी चालवत राहणं हा सर्वांत वाईट पर्याय. त्यात किंमतही जाते आणि धास्तीमुळे आनंदही पुरा मिळत नाही.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात ३६ बनल्या. त्यातली एक २०१८मध्ये मॉन्टेरेच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. तिच्यावर नंतर दुसरी बॉडीही चढवलेली होती. २०२३मध्ये याच कुळातली एक ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली. जीटीओ शर्यतीसाठीच बनलेली. बहुतेक पळाल्या, आदळल्या, सरळ केल्या गेल्या, पुन्हा पळाल्या. कमी रनिंगची जीटीओ अस्तित्वातच नाही, त्यामुळे रनिंगला तिथे किंमत नाही. उलट कुठल्या शर्यतीत कोण चालक होता, कितवा आला, यानेच भाव वाढतो. पिंक फ्लॉइडचा ड्रमवादक निक मेसन याने १९७७मध्ये सुमारे ३७ हजार पौंडांना जीटीओ घेतली. तेव्हापासून तो ती रस्त्यावर आणि शर्यतींत चालवतो आहे, आणि तिची किंमत तिळमात्र घटलेली नाही. इंग्लंडमध्ये गुडवुडच्या जुन्या ट्रॅकवर १९९८पासून दरवर्षी जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात, त्यात या गाड्या खरोखर एकमेकींना खेटून धावतात. इटलीतल्या मिले मिल्या या जुन्या गाड्यांच्या रॅलीत भाग घ्यायचा, तर १९२७ ते १९५७ या काळातल्या मूळ शर्यतीत धावलेल्या प्रकारातली गाडी लागते. त्यामुळे अशा गाडीला जास्त भाव येतो. चालवण्याचा हक्कच इथे किमतीत मिसळलेला आहे.

मग न चालवता, जपून गुंडाळून ठेवलेल्या गाड्यांची फळी कशी तयार झाली? त्याचं मूळ १९८०च्या दशकाच्या शेवटी आहे. ऑगस्ट १९८८मध्ये एन्झो फेरारी वारले. त्याच्या आधीच्याच वर्षी फेरारीची एफ-४० आली होती. पैसा सैल होता, आणि लाल रंगाची कुठलीही इटालियन गाडी म्हणजे सोनं असा समज पसरला. लोक गाडी न बघता बुकिंगची जागा विकत घेऊन पुढे विकू लागले. जॅग्वारने एक्सजे-२२० साठी प्रत्येकी ५० हजार पौंड अनामत घेऊन नोंदणी सुरू केली, तेव्हा बनवायच्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पैसे भरले. १९९२मध्ये गाडी तयार झाली तेव्हा बाजार कोसळलेला होता. बारा सिलिंडरचं वचन सहावर आलं होतं, म्हणून अनेकांनी गाडी घ्यायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं. ठरवल्या होत्या ३५०, पुऱ्या तीनशेही बनल्या नाहीत, आणि पुढची अनेक वर्षं ती मूळ किमतीच्या निम्म्यालाही विकली जात नव्हती. ज्यांनी ती फक्त भाव वाढेल म्हणून घेतली, त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. जिने ताशी ३४० किलोमीटरच्या पुढे मजल मारली ती गाडी गॅरेजमध्ये उभी होती आणि ते तिच्याकडे बघत होते.

शेअर लाभांश देतो, घर भाडं देतं. गाडी फक्त चालवणं देते, आणि उभी असतानाही मागत राहते. गॅरेजचं भाडं, विमा, लिलावात दहा टक्क्यांच्या वरचं कमिशन. ब्रिटनमध्ये खाजगी मालकाला मोटारगाडीच्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही, म्हणून तिथे गुंतवणुकीची ओढ जास्त. पण त्या नफ्यातून वर्षानुवर्षांचा खर्च वजा करणारे फार थोडे.

आणि उभी गाडी खराब होते. पेटीत नीट घडी करून ठेवलेली पैठणी घडीवरच विरते, तसं. रबराचे ऑइल सील तेलाचा हात लागला नाही की कडक होतात आणि पहिल्याच मोठ्या प्रवासात गळू लागतात. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. तो ब्रेक घाटात तापला की आतलं पाणी उकळतं आणि पेडल तळाला जातं. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावं, गाडी हलली नसली तरी. क्लचप्लेट चिकटून बसते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये महिनोनमहिने राहिलं की पाणी ओढतं, आतले पितळी भाग खातं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं. इंग्लंडमध्ये २०२१पासून दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधं झालं, आपल्याकडे तर वीस टक्क्यांवर गेलं आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्याने नळ्या बदलून घेणं हे आता पहिलं काम. नव्वदच्या दशकातल्या फेरारी एफ-३५५चा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं, रनिंग शून्य असलं तरी. मॅकलॅरन एफ-वनची पेट्रोलची रबरी टाकी पाच वर्षांनी बदलायची असते. आठवड्यातून एकदा गॅरेजमध्येच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणारे मालक भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण तेल पुरेसं तापत नाही. जळताना तयार झालेलं पाणी तेलातच आणि सायलेन्सरमध्ये साठतं, आणि फायद्याऐवजी गंज चढतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा तासभर रस्त्यावर नेऊन आणलेली बरी.

टायरचं सर्वांत गंभीर. नोव्हेंबर २०१३मध्ये कॅलिफोर्नियात नट पॉल वॉकर आणि चालक अशा दोघांचा पोर्शं कॅरेरा जीटीच्या अपघातात मृत्यू झाला. तपासात वेग हे कारण ठरलं, पण टायर नऊ वर्षांचे होते हेही त्यात नोंदवलं गेलं. त्या टायरची नक्षी नवीच दिसत असेल, कारण अशा गाड्या फार चालत नाहीत. रबर आतून कडक झालेलं डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कमी रनिंगची, 'जशी शोरूममधून आली तशी' म्हणून मिरवणारी गाडी बघायला गेलात तर आधी खाली वाकून तो शिक्का वाचा. मूळ टायर असणं हे संग्राहकाला भूषण वाटतं. त्याच टायरवर रस्त्यावर जाणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, आणि दोन्ही गोष्टी हव्या असतील तर मूळ टायर काढून भिंतीला टेकवून ठेवता येतात.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे. इथे या सगळ्या विदेशी गाड्या मोजक्याच, आणि त्या मुख्यतः राजेरजवाड्यांच्या आणि जुन्या मुंबईकर घराण्यांच्या संग्रहांत. पण चालवण्याची हलकी, साधी मजा आपल्याकडेही घडली होती. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची उघडी रोडस्टर बनवली. तिच्यात कॉन्टेसा गाडीत बसणारं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन होतं. गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची, फायबरच्या बॉडीची, छोट्या रेनॉ इंजिनाची, दोन माणसांची. दोन्ही फार थोड्या बनल्या. दुर्मीळपणाच्या हिशेबाने त्या उद्या संग्रहात जातीलही, पण आज त्यांचा खरा मोठेपणा त्यांच्या हलक्या वजनात आहे.

कायद्याचंही एक वळण लक्षात घ्यावं लागतं. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकीला 'व्हीए' मालिकेतला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार. मात्र अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यापुरतीच मोकळीक. सत्तरच्या दशकाच्या मध्यातल्या गाड्या आता या पन्नाशीत येऊ लागल्या आहेत. त्यामुळे तो नंबर घ्यायचा, की साधी नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत रविवारी सकाळी ताम्हिणीत जायचा हक्क राखायचा, हे मालकाने अर्ज भरण्याआधीच ठरवायला हवं. ज्या गाडीचे महागडे किलोमीटर आधीच कुणीतरी चालवून संपवलेत, तिच्यासाठी मी दुसरी वाट धरायला सांगेन.